सौर प्रकल्पाला जमीन द्यावी का? आधी तार कुठे जाते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळंब तालुक्यात वडील आणि दोन चुलते यांच्या सामायिक खात्यावर अकरा एकर जमीन आहे, त्यातली आठ एकर बरड माळ. सौर कंपनीचा एक माणूस गावात फिरतोय. एकरी चाळीस हजार भाडं, तीस वर्षांचा करार, आणि इसार म्हणून पन्नास हजार रोख आजच द्यायला तयार आहे. वडिलांना सौरपंप घ्यावा की लाइनवरचीच मोटार ठेवावी ते ठरत नाही. मोफत वीज किती दिवस टिकेल याची धास्ती आहे. आणि पारावर रोज वाद होतो की हे सगळं राजकारण आहे, वीज जाणार मुंबई-पुण्याला, आपल्या वाट्याला नुसते खांब.

मी वीज वितरणात बत्तीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी लातूर, बीड, धाराशिव याच पट्ट्यात झाली. आता ओळखीपाळखीच्या लोकांचे भाडेकरार वाचून देतो. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट, इसार घेऊ नका. घेतला असेल तर पुढची सही थांबवा. अशा इसार पावतीवर बहुतेक वेळा एक ओळ असते की जमीनमालक दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही. मुदत मात्र लिहिलेली नसते. मी पाहिलेल्या एका पावतीत फिरणाऱ्या माणसाचं नाव होतं, कंपनीचं कुठेच नव्हतं. त्याने गावातल्या साठ एकरांच्या पावत्या गोळा केल्या आणि दोन वर्षं तो गठ्ठा घेऊन या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिला. तेवढ्या काळात शेजारच्या उपकेंद्राची क्षमता दुसऱ्या प्रकल्पाला देऊन झाली आणि या लोकांची जमीन तशीच राहिली.

आता पारावरच्या वादाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. तो वाद अर्धा खरा आहे. मराठवाड्यात सध्या दोन वेगळ्या जातीचे प्रकल्प येत आहेत आणि लोक दोघांनाही 'सौर' म्हणून एकाच मापाने मोजतात.

पहिली जात लहान प्रकल्पांची. दोन-चार-दहा मेगावॅटचे, गावाजवळच्या ३३/११ केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्राला जोडलेले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले. ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात सुरू झाला, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, ३ मेगावॅटचा, २०२४ मध्ये. यातली वीज लांब जात नाही. उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या फीडरवरच, म्हणजे मोटारींना वीज नेणाऱ्या वाहिनीवरच, ती संपते. म्हणजे ज्या माळावर पॅनेल आहेत, त्याच शिवारातल्या मोटारी त्यावर चालतात.

दुसरी जात मोठ्या प्रकल्पांची. शेकडो एकरांवरचे सौर प्रकल्प, आणि भूम, वाशी, तुळजापूर, पाटोदा, केज या भागात दिसतात त्या पवनचक्क्या. त्यांची वीज १३२ किंवा २२० केव्हीच्या लाइनवर चढते आणि करार असेल त्याला मिळते. कधी तो कारखाना असतो, कधी दूरची वितरण कंपनी. यात बेकायदा काहीच नाही. २००३ च्या वीज कायद्यानेच मोठ्या ग्राहकाला हवी तिथून वीज घ्यायची मुभा दिली. पण गावाला त्यातून भाडं मिळतं, थोडी राखणदारी आणि गवत कापण्याची कामं मिळतात, आणि ज्यांच्या शेतावरून लाइन जाते त्यांना टॉवर मिळतो. त्या गावातल्या मोटारीला त्या विजेचा एक युनिटही मिळत नाही.

म्हणून त्या माणसाला तीनच प्रश्न विचारा. प्रकल्प किती मेगावॅटचा? किती केव्हीला जोडणार? उपकेंद्राचं नाव काय? आणि महावितरणशी वीज खरेदीचा करार झाला असेल तर त्याची प्रत दाखवा म्हणावं. उत्तरं गोलगोल आली तर त्याच्याकडे प्रकल्पच नाही असं समजा.

दिवसाच्या विजेवर मी इतका भर का देतो, ते सांगतो. नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली होती. जानेवारी महिना, हरभऱ्याला पाणी चालू, आणि आमच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रपाळी. डीपी, म्हणजे शिवारातलं रोहित्र, जळाल्याची तक्रार आली म्हणून लाइनमनबरोबर रात्री दीडला शिवारात गेलो. बांधावर एक म्हातारे बाबा उभे होते. पायांना युरियाच्या गोणीचे तुकडे सुतळीने बांधलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. थंडीने आवाज थरथरत होता. मी म्हणालो, बाबा, घरी जा, आता सकाळशिवाय काही होत नाही. ते म्हणाले, "साहेब, दिवसा लाइट द्या म्हणलं की तुमी म्हणता वरून झेपत न्हाई. मग रातीचं आमाला झेपतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना कागदावरचं कारण सांगू शकलो असतो. दिवसा शहरांचा आणि कारखान्यांचा भार असतो, सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या तर रोहित्रं उडतात, म्हणून शेतीला आठवडा दिवसाचा आणि आठवडा रात्रीचा असा फेरा. ते सगळं खरं होतं. पण त्या फेऱ्यात साप चावून, शॉक लागून जी माणसं गेली, त्यांचे पंचनामे मी पाहिले आहेत.

सौर वाहिनीवर गेलेल्या फीडरवर हा फेरा सुटतो. सूर्य असतो तेव्हाच वीज तयार होते आणि शेतकऱ्याला हवीही तेव्हाच असते. इतकी वर्षं जी गोष्ट 'वरून झेपत नव्हती', ती आता स्वस्तातली झाली आहे. अशा एका फीडरवरच्या गावात मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. सकाळी सव्वानऊला मोटारी सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत लोक घरी आले. एक बाई सांगत होत्या की लग्न होऊन बावीस वर्षं झाली, माघ महिन्यात नवरा रात्रभर घरी असल्याचं हे पहिलंच वर्ष. भाड्याचा हिशोब करताना ही बाजू कुणी धरत नाही, कारण ती सातबाऱ्यावर दिसत नाही.

आता पैशाचं बोलू. सरकारी योजनेत खासगी जमिनीचं भाडं असं ठरतं: रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दरपत्रकाच्या) किमतीच्या ६ टक्के किंवा हेक्टरी सव्वा लाख रुपये, यातलं जे जास्त असेल ते. सव्वा लाख हेक्टरी म्हणजे एकरी साधारण पन्नास हजार. तुम्हाला चाळीस सांगतायत, म्हणजे एक तर हा योजनेतला प्रकल्प नाही, किंवा मधला माणूस दहा हजार आपल्याकडे ठेवतोय. दोन्ही शक्यता विचारून घ्या.

पन्नास हजार म्हणजे आपल्या बरड जमिनीसाठी मोठी रक्कम आहे, हे मी मान्य करतो. अशा माळावर सोयाबीन एकरी चार-पाच क्विंटल निघालं तर बरं म्हणायचं. हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण मोंढ्यात ओलावा, काडीकचरा लावून काय हातात पडतं ते तुम्हाला माहीत आहे. बियाणं, फवारणी, काढणी, मळणी वजा जाता काही हजार उरतात, आणि २०२५ च्या सप्टेंबरसारखा पाऊस झाला तर तेही उरत नाहीत. त्यामुळे जो शेतकरी म्हणतो की माळ भाड्याने देऊन टाकतो, त्याला मी कधी नावं ठेवत नाही.

पण कंपनीच्या बाजूनेही हिशोब बघा. एका मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅट वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो. या योजनेतला विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाची विक्री अठ्ठेचाळीस लाख. पाच एकरांचं भाडं अडीच लाख. शंभर रुपयांच्या विक्रीत जमिनीचे पाच. बाकीच्यातला मोठा वाटा बँकेचं कर्ज फेडण्यात जातो, कारण एका मेगावॅटला साडेतीन-चार कोटी भांडवल लागतं, त्यामुळे कंपनी लुटते असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की भाडं एकरी पाच हजारांनी वाढलं तरी प्रकल्प बुडत नाही. वाढवून मागायला संकोच करू नका. एकट्याने मागितलं तर मिळणार नाही, पण पट्ट्यातले दहा-बारा खातेदार एकत्र बसले तर मिळतं, कारण कंपनीला सलग जमीन लागते. मधला तुकडा राहिला की तिची आखणी मोडते.

आणि वाढीचं कलम नीट वाचा. योजनेत दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, पण ती सरळ पद्धतीची, म्हणजे पहिल्या वर्षीच्या भाड्यावरच. पन्नास हजारांवर वर्षाला पंधराशे. पंचविसाव्या वर्षी भाडं होतं ८६ हजार. तीच ३ टक्के चक्रवाढीने धरली असती तर एक लाख एक हजार झालं असतं. आणि महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आजच्या पन्नास हजारांची किंमत टिकवायला त्या वर्षी एक लाख एकसष्ट हजार लागतील. म्हणजे तुमच्या मुलाच्या हातात पडणारं भाडं आजच्या हिशोबाने निम्म्यावर आलेलं असेल. खासगी करारात चक्रवाढ मागा, किंवा दर पाच वर्षांनी भाडं नव्याने ठरेल असं कलम मागा. हे भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यामुळे कराचा विचार आधी एखाद्या कर सल्लागाराकडून करून घ्या.

करारातल्या बाकी कलमांपैकी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सह्यांची. वाशी तालुक्यातल्या एका घरात करार वाचायला बसलो होतो. ओसरीवर तीन भाऊ, कंपनीचा माणूस, मध्ये इंग्रजी कागदांचा जाड गठ्ठा. चहा घेऊन आलेली त्यांची थोरली बहीण दाराशी थांबली. माहेरपणाला आलेली, साठीची बाई, लिहिता-वाचता न येणारी. तिने विचारलं, "ह्यात माजं नाव कुटं हाय?" कंपनीचा माणूस म्हणाला, मावशी, तुमची सही नंतर घेऊ. मी सातबारा उलगडला तर वडील गेल्यानंतरच्या वारस फेरफारात तिचं नाव होतं, म्हणजे चार आण्यांची ती मालक होती. २००५ नंतर मुलींचा वाटा हा उपकार राहिलेला नाही, तो कायदा आहे. भावांच्या मनात खोट होती असं नाही, त्यांनी तसा विचारच केला नव्हता. करार त्या दिवशी थांबला. नंतर नव्याने झाला तेव्हा मराठी प्रत जोडली गेली आणि भाड्याचा चौथा हिस्सा थेट तिच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. तुमच्याकडे तीन भावांचं सामायिक खातं आहे, म्हणजे आत्या असतील, चुलत बहिणी असतील. आधी खातेफोड (खात्याची वाटणी) करा किंवा सगळ्यांच्या सह्यांनिशी नोंदणीकृत करार करा. साध्या बाँडवर तीस वर्षं काढायची नसतात.

कंपनी तिचे भाडेपट्ट्याचे हक्क बँकेकडे गहाण टाकू शकते, ते चालतं, त्याशिवाय तिला कर्ज मिळत नाही. पण जमिनीच्या मालकीवर बोजा चढणार नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहून घ्या. कंपनी विकली गेली तर नवा मालक थकीत भाड्याला जबाबदार राहील, सलग काही महिने भाडं थकलं तर करार मोडता येईल, आणि शेवटी लोखंड, काँक्रीट, केबल काढून जमीन मोकळी करून द्यायचा खर्च कंपनीचा, त्यासाठी काही रक्कम आधीच वेगळी ठेवलेली असेल, हेही हवं. पीककर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी.

तुमच्या शेतावरून लाइन जाणार असेल तर तो वेगळा विषय आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि ग्रामीण भागात तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला धरला आहे. कुणी एकरकमी 'पिकाचं नुकसान' देऊन सही मागत असेल तर भूमापन झाल्याशिवाय करू नका.

मोफत विजेचं विचारलंत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना २०२४ मध्ये आली. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींना ती लागू आहे, राज्यातल्या ४४ लाख शेतकऱ्यांना, आणि मार्च २०२९ पर्यंत ती जाहीर झालेली आहे. वर्षाचा खर्च १४,७६० कोटी. हा पैसा सरकार महावितरणला देतं, कारण औष्णिक वीज विकत घेऊन, वाहून आणून, गळती धरून बांधावर पोहोचेपर्यंत युनिटला सात-आठ रुपयांच्या घरात जाते. इतकी वर्षं या फरकाचा मोठा भाग कारखाने आणि व्यापारी ग्राहक जादा दर भरून उचलत आले. आता संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याचे कारखानेही छतावर पॅनेल टाकतायत, बाहेरून सौर वीज घेतायत. ते बाहेर पडले की जादा दर भरणारा उरत नाही आणि सगळा भार तिजोरीवर येतो. हे अर्थखात्यातल्या कुणालाही दिसतं. म्हणून शेती फीडर तीन रुपयांच्या सौर विजेवर टाकायची सरकारला एवढी घाई आहे. मोफत वीज २०२९ नंतर कुठल्या नावाने राहील हे निवडणुका ठरवतील, पण ती परवडण्याजोगी राहायची असेल तर हाच एक रस्ता आहे. आणि म्हणूनच उपकेंद्राजवळच्या जमिनीची गरज आज तुमच्यापेक्षा सरकारला जास्त आहे. बोलणी करताना हे ध्यानात असू द्या.

वडिलांच्या मोटारीबाबत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पण ही योजना आधीची वीजजोडणी नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे, म्हणून लाइनवरची मोटार असताना पंप मिळतो का ते महावितरणकडे आधी विचारा. मिळत असेल, विहीर असेल, पाणी वर असेल, आणि तुमची डीपी दर हंगामात जळून आठ-आठ दिवस बंद राहत असेल, तर बिनधास्त घ्या. पण पाणी सहाशे-सातशे फुटांवरच्या बोअरमध्ये असेल तर थांबा. तेवढ्या खोलीतून सौरपंपाची धार बारीक येते आणि ढगाळ दिवसात येतच नाही. पुरवठादार तुमच्या बोअरची खोली न विचारता पंप देत असेल तर तो परत पाठवा. तुमचा फीडर वर्षभरात सौरवर जाणार असेल तर लाइनच ठेवा, ती जास्त भरवशाची. एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वीज फुकट, सूर्य फुकट, म्हणून मोटार दिवसभर सोडून द्यायची सवय लागली तर आपल्या काळ्या दगडाखाली पाणी उरणार नाही. ठिबक नसेल तर आधी ठिबकचं बघा.

स्वच्छ ऊर्जेचा मराठवाड्याला काय फायदा, असं तुम्ही विचारता तेव्हा मला परळी आठवतं. परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासून आपल्याकडे आहे. आज तिथे अडीचशे मेगावॅटचे तीन संच आहेत, जुने बंद झाले. दगडी कोळसा बाहेरून येतो आणि पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून अख्खं केंद्र बंद पडलं होतं. कोळशाच्या जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिलेली आहे. साडेसातशे मेगावॅट सत्तर टक्के क्षमतेने चालले आणि त्या मर्यादेपर्यंत पाणी वापरलं, तर दिवसाला सव्वाचार-साडेचार कोटी लिटर होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती, पन्नास वाघिणींची एक खेप पंचवीस लाख लिटरची. म्हणजे रोज सतरा-अठरा गाड्यांचं पाणी. ज्या भागात माणसांना रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागाने सौरकडे वळायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पॅनेल धुवायला लागणारं पाणी त्यापुढे काहीच नाही.

पण परळीच्या राखेवर विटभट्ट्या चालतात, टिप्पर चालतात, कंत्राटी कामगारांची घरं चालतात. केंद्राचे संच एकेक करून बंद होतील तेव्हा या लोकांचं काय, याचा आराखडा आजच मांडला पाहिजे. पाच मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला चालवायला बोटावर मोजण्याइतकी माणसं लागतात. तीनशे टिप्पर चालकांना तिथे काम मिळणार आहे असं सांगणारा पुढारी खोटं बोलतो.

तसंच बटईदारांचं. तुमच्या आठ एकर माळावर आज कुणी बटईने पेरत असेल, किंवा कुणाच्या शेळ्या चरत असतील. भाडं मालकाच्या खात्यात जातं, या माणसाला काहीच मिळत नाही, आणि तो पुढच्या दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या ट्रकमध्ये बसतो. करारात 'गवतकापणी, राखण, पॅनेल धुण्याचं काम गावातल्या भूमिहीनांना' अशी एक ओळ घालायला कंपनी सहसा नाही म्हणत नाही. ती ओळ घालायला सांगा.

गायरानाचा प्रश्न याहून कठीण आहे. योजनेत सरकारी जमिनीला प्राधान्य आहे आणि ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान आहे. सरपंचाला ते दिसतं. पण मराठवाड्यातल्या गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबं दोन-दोन पिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासूनचा तो इतिहास आहे, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णयही आहे. कागद न झाल्यामुळे ती जमीन महसूल दप्तरात 'मोकळी' दिसते. नकाशावर मोकळी दिसते म्हणून तिथे कुंपण घालणं हा अन्याय आहे, मग त्या कुंपणाच्या आत कितीही स्वच्छ वीज तयार होवो. पैठणच्या नाथसागरावर तरंगत्या पॅनेलचा प्रस्ताव आला तेव्हा मासेमारी करणाऱ्यांनी हेच विचारलं. पक्षी अभयारण्याचा मुद्दा होताच, पण जाळं कुठे टाकायचं हा त्यांचा साधा प्रश्न होता.

आणि ज्या विषयावर पारावर कुणी मोठ्याने बोलत नाही, त्यावर मी बोलतो. तुमच्या शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी तिचा संबंध तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडला. न्यायालय निकाल देईल. पण या धंद्यात मुरूम टाकण्यापासून राखणदारीपर्यंतची गुत्तेदारी कुणाकडे जाते, वाहनं कुणाची लागतात, कंपनीच्या गेटवर कोण येऊन बसतं, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. गुंतवणूक आली की वाटेकरी येतात. त्याचा खर्च कंपनी तुमच्या भाड्यातूनच वळता करते. म्हणून कुठल्याही 'भाऊ', 'दादा', 'आण्णा'च्या मध्यस्थीने करार करू नका. कंपनीच्या अधिकृत माणसाशी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, पैसे फक्त बँकेतून. प्रकल्पाचा ठराव ग्रामसभेत वाचून घ्या, म्हणजे सगळ्या गावाला कळतं की किती मेगावॅट, किती एकर, कुणाशी करार.

तुमच्या आठ एकरांवर दीड-दोन मेगावॅट बसतात. एकट्याने मोठी बोली होणार नाही, म्हणून बांधाला बांध असलेल्या खातेदारांची यादी करा. जमीन उपकेंद्रापासून किती लांब आहे ते मोजा. योजनेत खासगी जमीन साधारण पाच किलोमीटरच्या आत लागते. तुम्ही दोन किलोमीटरवर असाल तर तुमचा भाव वर, साडेचारवर असाल तर खाली.

या आठवड्यात एक सकाळ काढून उपकेंद्रात जा. आत जाळीच्या खोलीत ऑपरेटर असतो, त्याच्या टेबलावर लॉगशीट असतं, दर तासाला प्रत्येक फीडरचा भार तो त्यात लिहितो. त्याला विचारा, शेतीचे फीडर किती, सौरसाठी या उपकेंद्राची क्षमता मंजूर झाली का, आणि कुणाच्या नावाने. तो साधा माणूस असतो, चहा घेतला की सगळं सांगतो. मग वडील, दोन्ही चुलते आणि आत्या यांना एकत्र बसवा, सातबारा, आठ-अ आणि वारसांचे फेरफार समोर ठेवा. कंपनीकडून कराराचा मराठी मसुदा मागून घ्या आणि सही करायच्या आधी मला पाठवा. मी वाचून देतो.